खापरपणजोबांच्या पलीकडे

मराठीत नात्यांच्या शब्दांना तोटा नाही. चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ ही चार नाती इंग्रजाने एका शब्दात कोंबली. आपण ती चारही वेगळी राखली. परंतु वरच्या दिशेने चढू लागलो की वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा इथवर येऊन ही शिडी बहुतेकांपुरती संपते. आपली स्मृती तर त्याच्याही आधी संपते. वर्गात कुणालाही उभे करून पणजोबांचे नाव विचारावे; एखादा-दुसरा सांगतो. पणजीचे विचारले तर सगळा वर्ग खिडकीबाहेर पाहू लागतो.

यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. श्राद्धविधीतसुद्धा पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीनच पिढ्यांचा नावाने उच्चार होतो. त्यापलीकडचे सगळे पूर्वज ‘पितर’ या एका शब्दात विलीन झालेले असतात. नावानिशी पूर्वज लक्षात ठेवावयाचे असतील तर ते कुठेतरी लिहूनच ठेवावे लागतात. हे लिहून ठेवण्याचे, शोधण्याचे आणि पारखण्याचे जे शास्त्र, ते वंशावळीचे शास्त्र. गेली काही वर्षे मी आमच्या कुलमंडळाच्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचे काम पाहते आहे. ‘तुम्ही इतिहास शिकवता ना, मग तुम्हीच करा’ असे म्हणून वडीलधाऱ्यांनी ते माझ्याकडे सोपविले. या कामात जे समजले त्यातले काही विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

कुलमंडळ म्हणजे एका आडनावाच्या, एका कुळाच्या लोकांनी एकत्र येऊन स्थापन केलेली संस्था. महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून अशी मंडळे निघाली. वर्षाकाठी एक संमेलन, कुलदैवताच्या ठिकाणी एकत्र जाणे, गरजू विद्यार्थ्यांना मदत, एखादे छोटे वार्तापत्र आणि या सर्वांवर कळस म्हणजे कुलवृत्तांत, असा त्यांचा ठरलेला संसार. कुलवृत्तांत हा एक जाडजूड ग्रंथ असतो. प्रारंभी कुळाचा मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, आडनावाची उपपत्ती. मग घराण्याघराण्यांच्या वंशावळी. आणि शेवटी प्रत्येक माणसाची दोन-चार ओळींत माहिती: जन्म कधी, शिक्षण काय, नोकरी कुठे, लग्न कुणाशी. वरवर पाहता हे रूक्ष वाटते. परंतु मॉरीन पॅटर्सन या अमेरिकन विदुषीने १९६८ साली चित्पावनांच्या कुलवृत्तांतांवर एक निबंध प्रसिद्ध करून, महाराष्ट्रातल्या सामाजिक बदलाचा अभ्यास या ग्रंथांवरून कसा करता येतो ते दाखवून दिले. कोकणातले भिक्षुक घराणे तीन पिढ्यांत पुण्यामुंबईचे कारकून, शिक्षक, इंजिनियर कसे होते, हे या ग्रंथांत पानापानांवर दिसते. घरच्यांनी अभिमानापोटी लिहिले, आणि बाहेरच्या अभ्यासकाला त्यात समाजशास्त्र सापडले!

आता शोध कसा घ्यावयाचा ते सांगते. पहिला नियम असा की सुरुवात दप्तरखान्यापासून करू नये, माजघरापासून करावी. घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीपाशी बसावे आणि वंशावळ न विचारता गोष्टी विचाराव्यात. ‘तुमच्या लग्नात कोण कोण आले होते?’ या एका प्रश्नातून जितकी नावे निघतात तितकी ‘तुमच्या सासऱ्यांच्या भावांची नावे सांगा’ या प्रश्नातून निघत नाहीत. नंतर ट्रंका उघडाव्यात. जुन्या पत्रिका, दत्तकपत्रे, खरेदीखते, गहाणखते, लग्नाच्या याद्या, भांड्यांवर घातलेली नावे. होय, भांड्यांवरची नावेसुद्धा. तांब्याच्या हंड्यावर घातलेले नाव आणि शेजारी कोरलेले साल हा काही वेळा एखाद्या पूर्वजाचा एकमेव लेखी पुरावा असतो.

घरातच आणखी एक साधन असते आणि त्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. ते म्हणजे पितृपक्षातली यादी. महालय श्राद्धात केवळ बाप-आजा-पणजा नव्हे तर आई, आजी, पणजी, आईकडचे आजोबा, काका, आत्या, मामा, मावश्या, बहिणी, सासू-सासरे, गुरू अशा कितीतरी मृतांना नावाने पिंड किंवा तर्पण असते. ही नावे चुकू नयेत म्हणून घराघरांत त्यांची यादी करून ठेवलेली असे. वंशावळीत ज्या स्त्रियांना जागा मिळाली नाही, त्या या यादीत हटकून भेटतात. वंशावळ वतनासाठी लिहिली जाई, ही यादी मृतांसाठी. म्हणून दुसरी अधिक खरी असते, असे माझे मत झाले आहे.

घराबाहेर पडल्यावर पहिली वाट तीर्थक्षेत्रांकडे जाते. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार या क्षेत्रांतल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात. गाव, जात, आडनाव सांगितले की उपाध्ये नेमकी वही काढतात. तीत तुमचे आजोबा कधी आले होते, कुणाच्या अस्थी घेऊन आले होते, बरोबर कोण होते, हे त्यांच्या स्वतःच्या अक्षरात किंवा सहीनिशी आढळते. आपल्या पणजोबांचे हस्ताक्षर आयुष्यात पहिल्यांदा पाहणारी प्रौढ माणसे तेथे रडताना मी पाहिली आहेत. या वह्यांचे मोल परक्यांनी ओळखले. अमेरिकेत यूटा येथे १८९४ साली वंशशोधनाची एक संस्था निघाली. तिने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांच्या सूक्ष्मचित्रफिती काढून नेल्या. तीर्थोपाध्यायांची नवी पिढी इतर व्यवसायांत शिरते आहे, भाऊबंदांत वह्यांच्या वाटण्या होताहेत. अशा वेळी त्या फितींची किंमत कळते.

सगळ्याच समाजांचे पूर्वज उपाध्यांच्या वहीत नसतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागांत आणि कर्नाटकात हेळवी नावाचे लोक आहेत. घराण्यांच्या वंशावळी सांभाळणे आणि त्या तालासुरात सांगणे हाच त्यांचा परंपरागत व्यवसाय. काही वर्षांच्या अंतराने त्यांची बैलगाडी गावाबाहेर उतरते. हेळवी दारी येऊन पिढ्या म्हणून दाखवितो, मागल्या खेपेनंतर जन्मलेल्या मुलांची नावे जोडून घेतो आणि धान्य, कापड, पैसा घेऊन पुढल्या गावी जातो. खानदेश, विदर्भात हेच काम भाट करीत आले. शहाण्यासुरत्या माणसांनी या लोकांना भिक्षेकरी समजून दारातून परत पाठविले, ही आपल्या शिक्षणाची एक मोठी शोकांतिका म्हटली पाहिजे.

यानंतर दप्तरे. येथे मोडी आल्यावाचून गत्यंतर नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी माणसाचा व्यवहार बहुतांशी मोडीत होता. शाळांतून मोडी गेली आणि दोन पिढ्यांत आपण आपल्याच आजोबांची पत्रे वाचण्यास असमर्थ झालो. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड प्रसिद्ध केले, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, राजवाड्यांच्या मृत्यूनंतर १९२७ मध्ये धुळ्याला त्यांच्या नावाचे मंडळ झाले. या मंडळींनी गावोगाव हिंडून वाचविलेल्या कागदांत राजकारण जितके आहे, त्याहून भाऊबंदकी अधिक आहे. वतनाचा तंटा लागला की दोन्ही पक्षांनी आपापला करीना लिहून द्यावयाचा, म्हणजे मूळ पुरुषापासून वतन कसे चालत आले ती हकीकत पिढीवार सांगावयाची. गोतसभा बसे, साक्षी होत, निवाडा होई आणि त्याचा महजर लिहिला जाई. महजराखाली गावकऱ्यांच्या निशाण्या असत. कुणब्या-पाटलाचा नांगर, सुताराचे एखादे हत्यार. सही न येणारी माणसे अशा चित्रांतून आपल्याला भेटतात.

पुढे इंग्रजी राज्यात इनाम कमिशन आले. १८५२ च्या कायद्याने त्याला अधिकार मिळाले, आणि ज्याच्याकडे इनाम जमीन होती त्या प्रत्येकाला ‘तुझा हक्क सिद्ध कर’ असे फर्माविण्यात आले. घराण्याघराण्यांनी कैफियती दिल्या, सोबत वंशावळी जोडल्या. आज पुण्याच्या पेशवे दप्तरात या कागदांचे ढीग आहेत. ज्या कमिशनने असंख्य घरांच्या जमिनी काढून घेतल्या, त्याच कमिशनपायी त्या घरांच्या वंशावळी सुरक्षित राहिल्या, हा इतिहासाचा विनोदच नव्हे काय? १८७४ च्या वतन कायद्यानेही अशीच वारसांची नोंद ठेवणे भाग पाडले. स्वातंत्र्यानंतर ही वतने एकेक करून गेली. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने, महार वतनासारखी कनिष्ठ गाव-वतने १९५८ च्या, पाटीलकी १९६२ च्या. वतन गेले ते योग्यच झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाच्या जाचाविरुद्ध १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले होते. परंतु वतनाबरोबर वंशावळ जपण्याची गरजही संपली, आणि पुष्कळ घरांतून ते कागद बंबात गेले.

येथे सावधगिरीचा इशारा देणे आवश्यक आहे. करीन्यातली आणि कैफियतीतली वंशावळ म्हणजे वादीचे म्हणणे असते. ज्या भावाशी तंटा, त्याची शाखा तीत गाळलेली असते किंवा ‘निर्वंश’ म्हणून खुडलेली असते. आणि दोनशे वर्षांनी त्याच निर्वंश शाखेचे चाळीस वंशज संमेलनाला हजर होतात! एका कागदावर विसंबू नये. दोन परस्परविरुद्ध पक्षांनी जे मान्य केले असेल तेवढे खरे धरावे. दुसरी खोड नावांची. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली पद्धत. त्यामुळे महादेव बिन गोविंद, गोविंद बिन महादेव, पुन्हा महादेव बिन गोविंद अशी माळ लागते आणि एखादी आख्खी जोडी गळाली तरी समजत नाही. तेव्हा कालगणना कामी येते. दोन पिढ्यांत साधारण पंचवीस ते तीस वर्षांचे अंतर धरावे. सव्वाशे वर्षांत दोनच पिढ्या दिसू लागल्या की मधला महादेव हरवला आहे असे समजावे.

तिसरी खोड सनांची. शक १६८२ म्हटले की त्यात ७८ मिळवून इसवी सन १७६० येतो. पण पौष-माघापर्यंत पोचलेली तिथी असेल तर इंग्रजी वर्ष बदलून गेलेले असते, म्हणून ७९ मिळवावे लागतात. पानिपताची पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१. हेच वर्ष मोडी कागदात ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे येते. एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१ हा सुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावयाचे. हे वर्ष मृगाच्या सुमारास पालटते. पानिपताचे उदाहरण मुद्दाम घेतले. मी पाहिलेल्या बहुतेक कुलवृत्तांतांत कुणी ना कुणी पूर्वज पानिपतावर पडलेला आहे. इतकी माणसे खरोखर पडली असतील, नाही असे नाही. परंतु ज्याचा ठावठिकाणा लागत नाही त्याला पानिपतावर धाडण्याची आपल्या मंडळींना सवय आहे, एवढे मात्र खरे.

ज्यांच्याकडे वतन नव्हते, इनाम नव्हते, त्यांचे काय? दप्तरांचा उजेड ज्यांच्यापर्यंत पोचला नाही अशा घरांसाठी तीन साधी ठिकाणे सांगते. पहिले तलाठ्याचे दप्तर: सहा नंबरचे फेरफार, वारसांची नोंदवही म्हणजे सहा-क, आणि त्याआधीची पत्रके. दुसरे गावचे जन्ममृत्यूचे रजिस्टर, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९ चा आहे, पण हे रजिस्टर त्याच्या कितीतरी आधीपासूनचे आहे. तिसरे शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. दलित, भटक्या आणि भूमिहीन कुटुंबांत शाळेत गेलेला पहिला मुलगा हाच पुष्कळदा घराण्याचा पहिला लेखी पुरुष असतो. त्याच्या जन्मतारखेवर मात्र विश्वास ठेवू नये. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत १ जून रोजी जन्मलेल्यांची संख्या पाहिली तर त्या दिवशी ग्रहांचा काही अद्भुत योग होत असावा असे वाटेल; वास्तविक तो शाळामास्तरांनी प्रवेशाच्या सोयीसाठी घातलेला दिनांक आहे.

समुद्रापलीकडे गेलेल्यांचीही एक गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून, विशेषतः रत्नागिरीकडून, मुंबई बंदरातून माणसे उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया म्हणून मॉरिशसला गेली. त्या प्रत्येकाला एक क्रमांक होता आणि त्या क्रमांकाखाली नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, जिल्हा अशी नोंद होती. तेथल्या महात्मा गांधी संस्थेत ही दप्तरे जपलेली आहेत. बघा, गावातल्या त्याच्या सख्ख्या भावाची एक ओळसुद्धा कुठे मिळत नाही, आणि मजूर म्हणून नेलेल्याच्या कपाळावरच्या व्रणाचीसुद्धा नोंद आहे. मालाची मोजदाद करावी तशी ती केलेली आहे, हे वाचताना विसरता येत नाही. त्यांचे वंशज आज गाव शोधीत येतात, तेव्हा कारकुनाने रोमन लिपीत मोडतोड करून लिहिलेले गावाचे नाव ओळखणे, हे इथल्या माणसाचेच काम असते.

आता ज्या विषयासाठी हा लेख लिहावासा वाटला त्याकडे वळते. साधा हिशेब करू. आपल्याला आईवडील दोन, आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ. याप्रमाणे दहाव्या पिढीत १,०२४ पूर्वज येतात. (एकच माणूस दोन वाटांनी पूर्वज असू शकतो, म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी.) आपली वंशावळ या १,०२४ पैकी एकाचे नाव देते. त्याला मूळ पुरुष म्हणून आपण नमस्कार करतो. उरलेल्या १,०२३ जणांचा पत्ता नसतो, आणि त्यांतल्या निम्म्या अधिक स्त्रिया असतात.

आमच्या कुलवृत्तांताच्या जुन्या आवृत्तीत ‘पुत्र २, कन्या ३’ अशा नोंदी आहेत. पुत्रांची नावे आहेत, कन्यांची संख्या आहे. सुनांची नावे आहेत, पण ती सासरची. माहेरचे नाव आणि आडनाव नाही. लग्नात नाव बदलण्याच्या रीतीने स्त्रीचे आयुष्य कागदावर दोन तुकड्यांत वाटले जाते: माहेरच्या वंशावळीत ती आकड्यात संपते, सासरच्या वंशावळीत दुसऱ्याच नावाने उगवते. हे दोन तुकडे जोडणे हा आमच्या सध्याच्या कामातला सर्वांत कठीण भाग आहे.

एक उदाहरण देते. आमच्या एका शाखेत जुन्या आवृत्तीनुसार पाचव्या पिढीतला पुरुष तरुणपणी वारला आणि पुढे ‘दत्तक’ असा एक शब्द छापून शाखा चालू ठेवलेली आहे. त्या शाखेच्या घरी गेल्यावर माळ्यावरच्या पेटीत दत्तकपत्राची मोडी नक्कल मिळाली. त्यावरून कळले की पती वारल्यावर दिरांनी जमीन आपल्यात मिळविण्याचा घाट घातला होता, आणि त्या विधवेने गावातल्या पंचांना बसवून, लांबच्या भावबंदांतला एक पोर मांडीवर घेऊन, घर राखले. खाली तिची निशाणी आहे: बांगडी. जुन्या कागदांत स्त्रियांची निशाणी बांगडीच असते. आज त्या शाखेतली सगळी मुलेबाळे तिच्या त्या एका निर्णयामुळे या आडनावाची आहेत. आणि आमच्या ग्रंथात तिचे नाव नव्हते! नव्या आवृत्तीत ते शाखेच्या शिरोभागी येणार आहे. त्या घरातल्या मंडळींनी ते आधी पाहावे, म्हणून येथे देत नाही.

मुली आणि त्यांची मुले वंशावळीत घ्यावीत की नाहीत, यावर आमच्या मंडळात दोन संमेलने वाद झाला. ‘कुळ म्हणजे आडनाव, मुलगी दिली ती त्या कुळाची झाली’ असे वडीलधाऱ्यांचे म्हणणे. त्यांच्या म्हणण्यात शास्त्र आहे हे मी नाकारीत नाही. परंतु कायद्याने ते म्हणणे केव्हाच मागे टाकले. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या उरल्यासुरल्या शंकाही दूर केल्या. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात, महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार, वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लागते. असे असता तलाठ्याकडे वारसनोंद करताना दिलेल्या वंशावळीतून बहिणी गाळल्याची प्रकरणे अजून कोर्टात चालतात. जी वंशावळ घरात ‘हौस’ म्हणून लिहिली जाते, तीच उद्या पुरावा म्हणून पुढे येते. अखेर मुली आणि त्यांची एक पिढी घ्यावी असे ठरले. परजातीत, परधर्मांत झालेल्या विवाहांची नोंदही इतरांसारखीच, कोणताही शेरा न मारता करावी, हेही ठरले. एका ज्येष्ठांनी या ठरावाला विरोध केला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या परजातीत गेलेल्या नातीची माहिती भरून पाठविली. असो.

वंशावळ पुरावा म्हणून किती मोलाची, हे आज खेड्यापाड्यांत सर्वांना ठाऊक झाले आहे. जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी यासाठी अर्जदाराला वंशावळ शपथेवर द्यावी लागते आणि ठराविक तारखेपूर्वीचा कागद दाखवावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. पालावर जन्मलेल्या माणसाने १९६१ पूर्वीचा कागद आणावा कोठून? तो ज्याच्या घरात नाही, त्याची लायकी असूनही प्रवेश अडतो. २०२३ साली मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि बघता बघता मोडी वाचकांना कधी नव्हे इतकी मागणी आली. आरक्षणाच्या प्रश्नावर माणसाची मते काहीही असोत. धूळ खात पडलेली रजिस्टरे त्या निमित्ताने हलली, वाचली गेली, हे इतिहासाच्या दृष्टीने चांगलेच झाले. मात्र घाईत हाताळलेले कागद फाटतात, आणि फाटलेला कागद परत शिवता येत नाही.

आता थोडे मंडळाच्या हालहवालाविषयी. २०२० आणि २०२१ या करोनाच्या दोन वर्षांत संमेलने झाली नाहीत. त्याहून मोठे नुकसान म्हणजे ज्यांना विचारावयाचे होते असे कित्येक वृद्ध त्या काळात गेले. ज्यांच्याशी ‘पुढल्या मे महिन्यात निवांत बसू’ असे ठरले होते, त्यांच्यापैकी काहींची आता माझ्याकडे केवळ नावे आहेत. त्यानंतर आम्ही क्रम बदलला. कागद आणखी दहा वर्षे टिकतील, माणसे टिकणार नाहीत. म्हणून आधी ऐंशीच्या पुढच्यांना भेटावयाचे, दप्तरे मागाहून. भ्रमणध्वनीवर बोलणे ध्वनिमुद्रित करून घेतो. तरुण मंडळींनी व्हॉट्सॲपवर शाखावार गट काढले आहेत. त्यावर सुप्रभातच्या संदेशांखाली अधूनमधून एखादा अमूल्य फोटो सापडतो. तेवढ्यासाठी सुप्रभात सोसावे लागते. जिवंत माणसांचे पत्ते, दूरध्वनी आणि जन्मतारखा जुन्या आवृत्तीत बिनदिक्कत छापलेल्या होत्या. आता तसे करणे धोक्याचे आहे, म्हणून जिवंतांचे फक्त नाव आणि जन्मवर्ष छापण्याचे ठरले आहे, तेही त्यांच्या संमतीने.

आमच्या महाविद्यालयातल्या कुणाला स्वतःच्या घराची वंशावळ करावयाची असेल, मग त्याचे कुलमंडळ असो वा नसो, तर त्याच्यासाठी कोरी माहितीपत्रके इतिहास विभागात ठेवली आहेत. आठ रकाने आहेत: नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, जन्म, मृत्यू, विवाह, पत्नी किंवा पतीचे माहेरचे वा मूळचे संपूर्ण नाव, आणि शेवटी ‘हे कोणी सांगितले’. शेवटचा रकाना कुणीही रिकामा ठेवू नये. सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख असल्याशिवाय विभाग पत्रक जमा करून घेत नाही.